व्हेसुव्हियस + पॉम्पेई एका दिवसात : गाईडेड टूर घ्यावी का?

कोरेगावकर
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आईबाबा आमच्याकडे म्युनिकला येतायत, तिथून सगळे मिळून इटली असा बेत आहे. आधी रोम आणि मग नेपल्स. बाबा ६८ वर्षांचे पण अजून दर रविवारी अजिंक्यतारा चढतात, त्यांनी आत्ताच जाहीर करून टाकलंय की व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या तोंडाशी उभं राहिल्याशिवाय इटली झाली असं मी म्हणणार नाही. आईचे गुडघे कुरकुरतात, सपाटीवर तास-दीड तास चालेल, चढ नको म्हणते. लेक ९ वर्षांची, तिला पॉम्पेईतली, म्हणजे त्याच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन गावातली, ती दगड झालेली माणसं बघायचीयेत.

नेटवर सकाळी पॉम्पेई, मधे पिझ्झा आणि दुपारी व्हेसुव्हियस अशा टूर ढिगाने दिसतायत, माणशी शंभर ते दीडशे युरो. काही थेट रोमहून पण निघतात. तर हे एका दिवसात झेपतं का, गाईड लागतोच का, आईचं काय करायचं, आणि रोमहून केलं तर नेपल्सचा मुक्काम वाचेल का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

भटकी_जमात
रोमहून अजिबात करू नका. बसने जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच, संध्याकाळी रोमच्या ट्रॅफिकमधे अडकलात तर विचारूच नका. फास्ट ट्रेनने रोम-नेपल्स सव्वा तासाच्या आत होतं, तेव्हा नेपल्सला राहा, तिथूनच टूर घ्या.

आम्ही नेपल्सहून केली होती. चाळीस-बेचाळीस लोकांची बस, सकाळी बंदराजवळून पिकअप. कागदावर पॉम्पेईचे दोन तास लिहिलेले पण बस आधी दोन-तीन ठिकाणी लोक गोळा करत फिरली, मग गेटवर हेडफोन वाटण्यात वेळ गेला, आणि आमच्या वाट्याला जेमतेम सव्वा तास आला. फोरम, हमामखाना, बेकरी, एक घर, "ते" घर, आणि चला बसमधे. गाईडबाई हुशार होती, तिचा काही दोष नाही, पण साठ-पासष्ट हेक्टरचं गाव सव्वा तासात म्हणजे थट्टाच आहे. बुकिंग करताना पॉम्पेईच्या आत किती वेळ, एवढं एक लेखी विचारून घ्या, बाकीच्या सगळ्या टूर सारख्याच असतात.

आणि व्हेसुव्हियसवर गाईड बरोबर येतो असं समजू नका. वरच्या गेटपर्यंत बस नेते, हातात तिकीट देतात, इतक्या वाजता परत या म्हणतात. चढ तुमचा तुम्ही.

घसारा
मी टूरच्या विरोधात आहे हे इथल्या जुन्या लोकांना माहितीये, त्यामुळे मीठ टाकून वाचा :) 

चढाई म्हणजे फार काही नाही. गाडी साधारण १००० मीटरवर सोडते, विवराचा कडा ११७० च्या आसपास, म्हणजे पर्वती लागोपाठ दोनदा चढलात असं समजा, फक्त पायऱ्या नाहीत. डोंगराची उंची १२८१ मीटर सांगतात पण ते टोक कड्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, तिथे सोडत नाहीत. रुंद वाट, बाजूला लाकडी कठडा, अजिंक्यतारावाल्या बाबांना अर्धा तास पुरे. मात्र पायाखाली सगळा सुटा लालसर-काळा मुरूम आहे, चढताना काही वाटत नाही, उतरताना घसारा. बूट घालून जा, फ्लोटर्समधे खडे शिरतात आणि मग दर दहा पावलांवर एक पाय झटकत बसा. खाली काठ्या मिळतात, परत करताना सुट्टे पैसे द्यायचे अशी पद्धत आहे. सावली शून्य. टॉयलेट खालीच उरकून घ्या.

वर काय दिसतं? लाव्हा वगैरे काही नाही, लेकीला आधीच सांगून ठेवा. तीनेकशे मीटर खोल खड्डा, आतल्या भिंतीवर राखाडी, गंजक्या, पिवळट थरांचे पट्टे, आणि कुठेकुठे कपारीतून वाफेचा बारीक धूर. पहिल्यांदा लोकांना तो दिसतच नाही, दोन मिनिटं एका जागी नजर लावून उभं राहिलं की मग एकेक धुराडी सापडायला लागतात. दुसऱ्या बाजूला सगळा नेपल्सचा उपसागर, काप्री बेट, आणि डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत गच्च घरं. मला विवरापेक्षा त्या घरांनी जास्त गार केलं.

तिकीट आधी ऑनलाईनच काढावं लागतं, वेळेचा स्लॉट असतो, गेटवर खिडकी नाही. वर नेटवर्क मरतं म्हणून पीडीएफ डाउनलोड करून ठेवा. लोक तिथे पोचून फोन आकाशाकडे धरून उभे असतात, करमणूक होते.

डेक्कन_ट्रॅप
आमच्या विषयाचा धागा निघाला म्हणून लिहितोय, लांबेल.

कोरेगावकर, तुमच्या बाबांना एक गंमत सांगा. ते दर रविवारी चढतात तो अजिंक्यतारा पण ज्वालामुखीचाच दगड आहे. पण आपला सह्याद्री आणि व्हेसुव्हियस यांचं कूळ वेगळं. आपल्याकडे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ बेसॉल्टचा रस थरावर थर पसरत गेला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, माथे सपाट. व्हेसुव्हियसचा रस दाट आणि त्यात वायू कोंडलेला, तो नुसता वाहत नाही, फुटतो. इसवी सन ७९ मधे असाच फुटला. तीस किलोमीटरच्या वर गेलेला राख आणि प्युमिसचा खांब, प्युमिस म्हणजे तो भोकाभोकाचा हलका दगड ज्याने टाचा घासतात. वारा आग्नेयेकडे होता म्हणून हा दगडांचा पाऊस पॉम्पेईवर पडला, तासन् तास. छपरं कोसळली, पण बरेच लोक त्याही वेळात गाव सोडून निसटले. जे राहिले, किंवा काही न्यायला परत आले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरून खाली आलेल्या तापलेल्या राखेच्या लोटाने गाठलं. त्याच्यापुढे पळणं शक्य नाही.

आता ती "दगड झालेली माणसं". ती दगड झालेली नाहीत. अंगावर बसलेली बारीक राख घट्ट झाली, आतलं शरीर कुजून गेलं आणि माणसाच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मधे जुझेप्पे फियोरेल्ली या उत्खनन प्रमुखाने अशा पोकळीत प्लास्टर ओतायची युक्ती काढली, प्लास्टर सुकल्यावर भोवतीची राख खरवडली की कपड्याच्या चुण्यांसकट माणूस हजर. आत खरी हाडं असतात. मुलीला हे आधी समजावून न्या, ९ वर्षांच्या पोराला त्यातलं प्लास्टर ओतणं फार आवडतं, भीती कमी होते. साखळीला बांधलेल्या कुत्र्याचा साचा पण आहे, उलटा पडलाय, पाय वर आणि अंग पीळ पडलेलं, गळ्यात पट्टा. तो मोठ्यांनाच जास्त लागतो.

आणि गाईड जर सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिचं बाळ अशी गोष्ट सांगायला लागला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. २०२४ मधे त्या साच्यांतल्या हाडांचे डीएनए निकाल छापून आले, ती आई निघाली पुरुष आणि त्या मुलाशी नातं काहीच नाही. गोष्ट मात्र अजून चालूच आहे.

भटकी_जमात
@डेक्कन_ट्रॅप काका, आमच्या गाईडने अगदी हीच गोष्ट डोळ्यात पाणी आणून सांगितली होती हो!

माझा एक प्रश्न, तारीख नक्की कुठली? आम्हाला २४ ऑगस्ट सांगितली, नवरा म्हणतो ऑक्टोबर.

डेक्कन_ट्रॅप
ऑगस्ट येतो धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रांच्या प्रतींतून. तो तेव्हा सतरा वर्षांचा, खाडीपलीकडे मिसेनमला होता, पुढे टॅसिटस या इतिहासकाराला दोन पत्रं लिहिली त्यात सगळं वर्णन आहे. पण हस्तलिखितांच्या नकला होता होता तारखा बदलतात. २०१८ मधे एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावरची तारीख आपल्या हिशोबाने १७ ऑक्टोबर. वर्ष लिहिलेलं नाही, पण कोळशाचं लिखाण टिकतं किती? त्यामुळे आता बरेच जण ऑक्टोबरच्या बाजूने आहेत. यजमानांना पार्टी द्या.

नेपल्समधली_कोकणी
इथे राहते म्हणून थोडं व्यवहाराचं.

टूर नको असेल तर चिर्कुमवेसुवियाना नावाची लोकल गारिबाल्दी स्टेशनच्या खालच्या मजल्यावरून सुटते, सोरेंतोची गाडी पकडायची. उतरायचं "पॉम्पेई स्कावी – विल्ला देई मिस्तेरी" ला, गेट समोरच. पॉम्पेई नावाचं दुसरं स्टेशन आहे सरकारी रेल्वेचं, ते गावात, तिथून चालत जावं लागतं. गाडीला एसी बिसीची आशा ठेवू नका, गर्दी असते, पाकीट आणि फोन पुढे घेऊन उभं राहायचं, विरार लोकलवाल्यांना सांगायला नको. साधारण पाऊण तास.

सप्टेंबर म्हणजे ऊन असतंच पण जुलै-ऑगस्टसारखं भाजत नाही. तरी माझं मत, पॉम्पेई सकाळी ९ ला गेट उघडताच. अकरा वाजले की क्रूझच्या बसेस रिकाम्या व्हायला लागतात, पुढे फोरममधे पाय ठेवायला जागा नसते. आता दिवसाला २०,००० च माणसं सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट बरोबर ठेवा. १८ च्या खालच्यांना फुकट, पण नाव नोंदवून तिकीट त्यांचंही घ्यायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच फुकट असतं, त्या दिवशी चुकूनही जाऊ नका, अख्खं नेपल्स तिथे असतं. ३० बाय ३० बाय १५ सेंटीमीटरपेक्षा मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, गेटवर ठेवायची सोय आहे, पैसे पडत नाहीत.

काकूंसाठी : पियाझ्झा अँफितेआत्रोच्या गेटने आत गेलात तर "पॉम्पेई सगळ्यांसाठी" म्हणून एक वाट बनवलीये, व्हीलचेअर जाईल अशी, मोठमोठ्या फरशांवरून तोल सांभाळत जावं लागत नाही. बाकी गावभर रस्ते म्हणजे उंचसखल काळ्या शिळा, मधे रथाच्या चाकांनी पडलेल्या बोटभर खोल चाकोऱ्या, गुडघ्यांना ते त्रासाचं. पाणी विकत घेऊ नका, कोपऱ्याकोपऱ्यावर नळ आहेत, बाटली भरून घ्या.

आणि वाऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही. व्हेसुव्हियसवर जोरदार वारा किंवा धुकं असलं तर वाट बंद करतात, तिकीट काढलेलं असलं तरी. २०२५ च्या ऑगस्टमधे डोंगराला मोठा वणवा लागला तेव्हा पण वाटा बंद होत्या. आदल्या रात्री व्हेसुव्हियस नॅशनल पार्कची साईट बघून घ्या.

कोरेगावकर
बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. आई वाचत बसलीये शेजारी, ती म्हणते मी त्या वाटेने बघून कॅफेत बसेन, तुम्ही जा खड्डे बघायला.

गाईडचा प्रश्न राहिलाच. पॉम्पेईत ऑडिओ गाईड घेऊन भागेल की माणूसच हवा? आणि "ते" घर म्हणजे काय प्रकार, बरोबर आईवडील आणि पोरगी आहे हो.

सुगरणीचा_खोपा
हाहा, "ते" घर म्हणजे लुपानार, कुंटणखाना. दगडी बिछाने आणि दारांवर चित्रं. आमच्याबरोबर सासू-सासरे होते, गाईड अगदी तन्मयतेने एकेक चित्र समजावतोय, सासरे छताचं बांधकाम बघतायत, सासूबाई म्हणाल्या इथे फार कोंदट आहे मी बाहेर थांबते. तिथे कायम रांग असते, नको म्हणा, काही बिघडत नाही. त्यापेक्षा बेकरी बघा. माणसाच्या छातीला लागतील एवढी दगडी जाती, वरचा दगड डमरूसारखा, त्यात लाकूड अडकवून गाढवाकडून फिरवायचे. मोडेस्टसची बेकरी म्हणतात तिथल्या भट्टीत ८१ पाव सापडले होते, जळून कोळसा झालेले पण आठ फाकांच्या खुणांसकट. मला तर बाई त्या पावांपुढून हलवेना. भाजायला टाकले आणि परत काढायला कोणी आलंच नाही.

खाण्याचं : टूरमधलं जेवण बहुतेक पिझ्झा, मार्गरिता असतेच, शाकाहारी लोकांची अडचण नाही. चीज नको असेल तर मारीनारा. जैन असाल तर आधी सांगा, मारीनाऱ्यात लसूण मूठभर. काही टूर व्हेसुव्हियसच्या उतारावरच्या द्राक्षमळ्यात जेवायला नेतात, लाक्रिमा क्रिस्ती वाईन तिथलीच. ज्यांना चालते त्यांनी ती चढाईनंतर घ्यावी, आधी नाही.

घसारा
गाईडवर माझं मत बदलत नाही पण पॉम्पेईपुरता अपवाद. पॉम्पेईत पाट्या कमी आहेत, नुसतं फिरलात तर तासाभरात सगळ्या भिंती सारख्या दिसायला लागतात. सगळ्यात उत्तम म्हणजे परवाना असलेला गाईड फक्त पॉम्पेईसाठी दोन-तीन तास खासगी घ्या, चौघांत मिळून टूरच्या दरापेक्षा फार जात नाही, आणि आई दमली की थांबता येतं. मोठ्या बसच्या मागे तिला पळवू नका. व्हेसुव्हियस नंतर बसने किंवा टॅक्सीने तुमचं तुम्ही.

मला विचाराल तर पॉम्पेई आणि चढाई एका दिवशी करणाऱ्यांनी पॉम्पेईला अर्धवटच बघितलेलं असतं. एका दिवशी दोन्ही करायचंच असेल तर व्हेसुव्हियस आणि हर्क्युलेनियम (त्याच स्फोटात गाडलं गेलेलं दुसरं गाव) अशी जोडी करा. एर्कोलानो (हर्क्युलेनियमचं आजचं नाव) स्टेशनला उतरलं की अवशेष दहा मिनिटं खाली, डोंगराची बस स्टेशनपाशी.

भटकी_जमात
हर्क्युलेनियम चांगलंच आहे पण पहिल्यांदा जाणाऱ्याला पॉम्पेई सोडून ते बघा म्हणणं मला नाही पटत.

घसारा
सोडून कुठे म्हटलं, वेगळ्या दिवशी म्हटलं. हर्क्युलेनियम वीसेक मीटर राख-दगडांच्या थराखाली गेलं म्हणून तिथे लाकूड टिकलंय, दारं, जिने, पलंग, कोळसा झालेले पण जागच्या जागी. दुसरा मजला पण बघायला मिळतो. पॉम्पेईत तो बहुतेक ठिकाणी नाही. आणि आकार छोटा, दोन तासात नीट होतं. समुद्रकाठच्या होड्यांच्या कोठारांत जवळजवळ तीनशे सांगाडे आहेत, होडी येईल म्हणून थांबलेले लोक.

तगर
धागा वाचत होतो, लिहिणार नव्हतो, पण एक गोष्ट कोणीच सांगितली नाही म्हणून आयडी जागा केला.

नेपल्सला राहताय तर तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयाला अर्धा दिवस द्याच, मंगळवारी बंद असतं. पॉम्पेईच्या भिंतींवरची चांगली चित्रं, अलेक्झांडरचं मोझाइक, सगळा ऐवज तिथे आहे, जागेवर आहे ती नक्कल. पण तुमच्या-आमच्या दृष्टीने तिथली खरी वस्तू वीतभर उंचीची. हस्तिदंताची बाई, दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन दासी, पॉम्पेईच्या मोठ्या रस्त्यावरच्या एका घरात १९३८ मधे सापडली. तिला पॉम्पेई लक्ष्मी म्हणतात, लक्ष्मी आहे का यक्षी यावर वाद आहे, यक्षी म्हणणारे जास्त. ती भारतातून गेली यावर वाद नाही. आणि तिच्यासारख्याच हस्तिदंती बायका कुठे सापडल्या? आपल्या तेरला, धाराशिव जिल्ह्यात, आणि जालन्याच्या भोकरदनला. काही अभ्यासक तर ती भोकरदनकडच्याच कारागिरांची म्हणतात. तेरची मूर्ती गावातल्या लामतुरे संग्रहालयात आहे, आपल्यातले किती जण तिथे गेलेत?

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासटिपणात पैठण आणि तगर दोन्ही नावं आहेत, तिथून माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा आणि पुढे जहाजाने पश्चिमेला. उलट्या बाजूने कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची रोमन पितळी... म्हणजे कांस्याची मूर्ती निघाली. दोन्ही बाजूंनी ये-जा होती.

यातला गमतीचा भाग म्हणजे थोरला प्लिनी, त्या पत्रं लिहिणाऱ्याचा मामा. त्याने आपल्या ग्रंथात तक्रार केलीये की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) गिळतो, चैनीच्या वस्तूंपायी. हाच मामा ७९ मधे आरमाराची जहाजं घेऊन लोकांना वाचवायला गेला आणि स्ताबियाच्या किनाऱ्यावर मेला. ती मूर्ती तेव्हा काही किलोमीटरवर कोणाच्या तरी घरात होती, म्हणजे त्याच्या तक्रारीतला माल.

कोरेगावकर
@तगर अंगावर काटा आला. बाबांचं आजोळ तेरजवळच आहे! ते म्हणतायत आता ज्वालामुखी राहिला तरी चालेल, ती बाई बघायचीच.

सुगरणीचा_खोपा
घ्या, अजिंक्यतारा हरला.

नेपल्समधली_कोकणी
तगरदादा, छान लिहिलंत. कोरेगावकर, जाण्याआधी संग्रहालयात विचारून घ्या, कारण ती मूर्ती "गॅबिनेत्तो सेग्रेतो" मधे ठेवतात आणि कधीकधी परदेशी प्रदर्शनालाही जाते, न्यूयॉर्कला जाऊन आलीये. आणि हो, गॅबिनेत्तो सेग्रेतो म्हणजे पॉम्पेईतल्या सगळ्या चावट वस्तूंचं दालन, लेकीला आणि सासूबाई मंडळींना त्याप्रमाणे सांभाळा.

शंकासूर
एक भाबडा प्रश्न. हा डोंगर जिवंत आहे म्हणतात तर चढू कसे देतात?

डेक्कन_ट्रॅप
जिवंत आहे, झोपलेला. शेवटचा स्फोट मार्च १९४४, महायुद्ध चालू असताना. सान सेबास्तियानो गाव लाव्ह्याखाली गेलं, आणि पायथ्याला उभी असलेली अमेरिकन बॉम्बर विमानं, ऐंशीच्या आसपास, राख-दगडांनी निकामी झाली, शत्रूच्या हल्ल्यात गेली नसतील तेवढी. तेव्हापासून शांत. डोंगरावर १८४१ पासून वेधशाळा आहे, असली जगातली पहिली, तिची यंत्रं आता रात्रंदिवस भूकंप, वायू, जमिनीची हालचाल मोजतात. सध्या धोक्याची पातळी हिरवी. असला ज्वालामुखी जागा होताना आधी कुरबूर करतो, म्हणून पर्यटकांची मला काळजी नाही. घसारा म्हणाला त्या घरांची आहे. लाल पट्ट्यात, म्हणजे स्फोटाची चाहूल लागली की रिकामा करायच्या भागात, सहा-सात लाख लोक राहतात.

खरी कुरबूर सध्या नेपल्सच्या पश्चिमेला आहे, कांपी फ्लेग्रेई या दुसऱ्या ज्वालामुखीला, तिथे पिवळी पातळी आहे आणि तिथल्या पोत्सुओली गावाची जमीन वर येतेय. हॉटेल तिकडचं घेतलं असेल तर रात्री पलंग हलला म्हणून घाबरू नका.

कोरेगावकर
ठरलं मग. पहिल्या दिवशी सकाळी ९ ला पॉम्पेई, खासगी गाईड, दुपारी आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा, मी आणि लेक व्हेसुव्हियस, येताना हर्क्युलेनियम, आई आणि बायको तेवढ्यात नेपल्सच्या गल्ल्यांत. संग्रहालय तिसऱ्या दिवशी, मंगळवार नाही हे बघितलंय. कॉम्बो टूर कॅन्सल. व्हेसुव्हियसचा स्लॉट किती वाजताचा घ्यावा?

घसारा
शक्य तितका सकाळचा. दुपारी बऱ्याचदा माथ्यावर ढग बसतो, मग विवर नाही आणि उपसागरही नाही, नुसती पांढरी भिंत बघून यायचं. आणि बाबांना विंडचीटर द्या, खाली ३० डिग्री असलं तरी.